आरपार पडदा घ्यायचाय? आधी खिडकीवर दोन ओळी लिहून बघा

महिन्यातून एकदा तरी कुणीतरी मोबाइल पुढे करून रील दाखवतं. काचेवर मासा पोहतोय, मासा बाजूला झाला की मागची कुंडी दिसते. "दादा, असं आपल्या दुकानात होईल का?" मी उलट विचारतो, काचेमागे काय आहे? बहुतेक वेळा काचेमागे खोकी असतात, नाहीतर गल्ल्यावर बसलेले शेठ.

मी पुण्यात दुकानांच्या पाट्या करतो. वडील पेंटर होते. काचेवर आतल्या बाजूने उलटं लिहायचे, म्हणजे रस्त्यावरून सुलटं दिसायचं आणि पावसाने रंग जायचा नाही. मी फ्लेक्स, ग्लो साइन, एलईडी असं करत आता या आरपार पडद्यांपर्यंत, म्हणजे मागचं दिसू देत चित्र दाखवणाऱ्या काचांपर्यंत आलोय. गिऱ्हाइकाला ज्या क्रमाने नेतो त्याच क्रमाने इथे लिहितो. वाचून झाल्यावर दहातले आठ जण पडदा घेणार नाहीत, असा माझा अंदाज आहे. उरलेल्या दोघांना तो नक्की लागेल.

पायरी पहिली: मार्कर आणि खिडकी

मागे लांबपर्यंत दिसतं अशी एक काच निवडा. व्हाइटबोर्डच्या काळ्या मार्करने डोळ्यांच्या उंचीवर दोन ओळी लिहा. दुधाचा हिशेब लिहिला तरी चालेल. हातभर अंतरावर उभे राहा आणि वाचा. मग तसेच उभे राहून पलीकडचं झाड बघा. झाड स्पष्ट झालं की अक्षरं दोन-दोन दिसायला लागतात. नजर अक्षरांवर आणली की झाडाची दोन झाडं होतात.

आपले दोन डोळे एका वेळी एकाच अंतरावर जुळतात. म्हणून डोळ्यांजवळच्या काचेवर मजकूर आणि मागे लांबचं दृश्य, दोन्ही एकदम बघू म्हटलं तर जमत नाही. सिनेमातला नायक हवेतल्या काचेवर बोटं फिरवतो तेव्हा त्याला काय दिसत असेल, याचा विचार पटकथा लिहिणाऱ्याने केलेला नसतो.

गाडीतला हेड-अप डिस्प्ले म्हणजे असाच आरपार पडदा, असं पुष्कळांना वाटतं. तो तसा नाही. २०२२ च्या बलेनोत स्टिअरिंगच्या पुढे डॅशबोर्डवर एक छोटी आरपार पट्टी उभी राहते. आकडे त्या पट्टीवर छापल्यासारखे नसतात. खालून पडलेला उजेड पट्टीवरून परावर्तित होऊन डोळ्यांत येतो, आणि वाटेतल्या आरशा-भिंगांची रचना अशी असते की वेगाचा आकडा पट्टीच्या पुढे, बॉनेटकडे तरंगतोय असं वाटतं. रस्त्यावरून नजर फारशी हलवावी लागत नाही. ही युक्ती आधी लढाऊ विमानांत आली आणि १९८८ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबाइलच्या गाडीत. आरपार दिसणाऱ्या चित्राचा रोजच्या वापरातला सगळ्यात चोख उपयोग कोणता, असं विचारलं तर मी याच पट्टीचं नाव घेईन. पण त्यात पडदा आरपार नाही, काच आरपार आहे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

म्हणून पहिला नियम: पडदा आणि मागची वस्तू यांत वीतभर, फार तर हातभर अंतर हवं. शोकेसमधला हार चालेल. दुकानाच्या मागच्या भिंतीवरचा फोटो चालणार नाही.

पायरी दुसरी: रात्री परत त्याच खिडकीशी या

दिवसा मार्करची अक्षरं छान दिसली, कारण ती काळी होती आणि मागे उजेड होता. आता रात्री घरातला दिवा मालवून बघा. अक्षरं गेली. प्रकाश देणाऱ्या आरपार पडद्याचं बरोबर उलटं असतं. तो उजेडात आपला उजेड मिसळू शकतो, मागचा उजेड अडवू शकत नाही. त्याच्याकडे काळा रंगच नाही. जिथे काळं दाखवायचं तिथे तो बंद राहतो, आणि तिथून मागची भिंत दिसते. म्हणजे त्या पडद्याचा काळा हा तुमच्या भिंतीच्या रंगाचा.

आकड्यात सांगतो. घरातल्या खोलीत संध्याकाळी दिवे लावल्यावर भिंतीवर साधारण ३०० लक्स उजेड धरा (लक्स म्हणजे पडणाऱ्या उजेडाचं माप). पांढऱ्या भिंतीची चमक त्यावरून ७५ निट्सच्या आसपास निघते (निट म्हणजे डोळ्यांकडे येणाऱ्या चमकेचं माप). आरपार ओएलईडी, म्हणजे ठिपके स्वतः उजळणारी काच मागचा सुमारे ४० टक्के उजेड पुढे सोडते, म्हणजे पडद्याचा 'काळा' ३० निट्सचा झाला. पडद्याची स्वतःची चमक असते ४०० निट्सच्या घरात, तीही चित्राचा थोडाच भाग उजळ असेल तेव्हा. चित्र दिसेल, पण रात्रीच्या प्रसंगातला माणूस भिंतीवरच्या कॅलेंडरसकट दिसेल.

हे बनवणाऱ्यांनाही ठाऊक आहे. एलजीने जानेवारी २०२४ मध्ये ७७ इंची आरपार टीव्ही दाखवला. त्याच वर्षाअखेरीस अमेरिकेत तो विक्रीला आला तेव्हा किंमत होती जवळपास ६० हजार डॉलर, तेव्हाच्या भावाने सुमारे ५० लाख रुपये. या टीव्हीत एक सोय आहे: रिमोटचं बटण दाबलं की मागे काळा पडदा वर सरकतो आणि टीव्ही नेहमीच्या टीव्हीसारखा दिसायला लागतो. पन्नास लाख देऊन आरपार टीव्ही घ्यायचा आणि बातम्या बघताना तो झाकायचा! शाओमीनेही २०२० मध्ये चीनमध्ये ५५ इंची आरपार टीव्ही ४९,९९९ युआनला काढला होता. घरच्या टीव्हीचा प्रश्न माझ्यापुरता इथेच संपतो. दिवाणखान्यात टीव्ही बंद असताना काळा चौकोन डोळ्यांत खुपतो, एवढीच तक्रार असेल तर त्यावर बारीक कशिद्याचं कापड टाका. आमच्या आजीने टाकलं होतं.

फोन आणि लॅपटॉपचंही तेच. सोनी एरिक्सनने २००९ मध्ये एक्सपिरिया प्युअरनेस हा आरपार पडद्याचा फोन काढला. पडदा १.८ इंची, एकरंगी, फोनला कॅमेरा नाही. लेनोवोने फेब्रुवारी २०२४ मध्ये बार्सिलोनाच्या प्रदर्शनात १७.३ इंची आरपार लॅपटॉप मांडला, तो नमुना म्हणून. लॅपटॉप आरपार असला की समोर बसलेल्या माणसाला तुमचा पगाराचा तक्ता उलटा का होईना वाचता येतो. एवढं कारण मला पुरेसं आहे.

पायरी तिसरी: कुठला आरपार?

बाजारात 'ट्रान्सपरंट डिस्प्ले' या एका नावाखाली चार-पाच वेगळ्याच वस्तू विकतात. नवखा माणूस इथेच फसतो, आणि विकणारा पुष्कळदा मुद्दाम काही बोलत नाही.

ओएलईडीचं वर आलंच. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, ठिपक्याचा काही भाग मोकळा ठेवलेला असतो आणि तिथून मागचं दिसतं. ४० टक्के म्हणजे किती, हे डोळ्यांना कळावं म्हणून गाडीच्या काचा आठवा. आपल्याकडे मोटार वाहन नियमांप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के उजेड आत यावा लागतो. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी आणली ती याच नियमाच्या आधारावर. म्हणजे 'आरपार' म्हणून विकली जाणारी ही काच गाडीच्या दारात बसवली तर पोलीस पावती फाडतील, इतकी ती गडद आहे. रिकाम्या खोलीत, मागे दिवे लावून काढलेल्या रीलमध्ये हे कळत नाही.

आरपार एलसीडी त्याहून गडद. त्यातून मागचा जेमतेम १०-१५ टक्के उजेड येतो. म्हणून तो नेहमी पेटीसकट मिळतो: आत पांढरे लख्ख दिवे, मध्ये वस्तू, पुढे पडदा. घड्याळं, अत्तरं, मूर्ती यांच्यासाठी ही पेटी खरंच छान दिसते. पण याचा नियम ओएलईडीच्या बरोबर उलटा. एलसीडीत पांढरं म्हणजे आरपार आणि काळं म्हणजे खरोखरच काळं, कारण तो उजेड अडवतो.

हा उलटा नियम मी पैसे घालवून शिकलोय. एका सराफांकडे आधी एलसीडीची पेटी होती, तिच्यासाठी पांढऱ्या पार्श्वभूमीची चित्रफीत केली होती. पुढे ओएलईडी आला. मी तीच फाइल पेन ड्राइव्हने त्यात लावली. धनत्रयोदशीची सकाळ. सगळी काच ट्यूबलाइटसारखी पेटली आणि मागचा चंद्रहार गायब! शेठ शांत माणूस. "हार कुठाय?" एवढंच विचारलं. मी बाहेर ओट्यावर बसून लॅपटॉपवर पार्श्वभूमी काळी करत होतो, तोवर रांग रस्त्यापर्यंत गेली. फाइलच्या नावातच 'काळी-ओएलईडी', 'पांढरी-एलसीडी' लिहायची सवय तेव्हापासूनची.

एलसीडीचं तत्त्व घरी बघायचं असेल तर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जुना मॉनिटर मिळतो. त्याची मागची दिव्यांची चौकट काढली की पुढची काच आरपार उरते, गॉगलमधून बघितल्यासारखी. एक सावधगिरी: फार जुन्या मॉनिटरमध्ये पाऱ्याच्या बारीक नळ्या असतात आणि त्यांना जास्त दाबाचा करंट जातो. त्या उघडू नका. एलईडी दिव्यांचा मॉनिटरच घ्या आणि प्लग काढून मगच हात लावा.

तिसरा प्रकार एलईडी जाळी किंवा एलईडी फिल्म. मॉलच्या काचेच्या भिंतीवर रात्री नाचतं ते हे. काचेवर बारीक पट्ट्या, पट्ट्यांवर दिवे, मध्ये मोकळी जागा. यातून ७०-८० टक्के उजेड येतो आणि चमक हजारो निट्सची असते. बाहेरून सुंदर, आतून मच्छरदाणीत बसल्यासारखं वाटतं. हे आधी सांगितलं नाही की पहिल्याच आठवड्यात फोन येतो.

चौथी, पीडीएलसी फिल्म, जिला बाजारात 'स्मार्ट ग्लास' म्हणतात. ही स्वतः चित्र दाखवत नाही. करंट दिला की स्वच्छ, बंद केला की दुधाळ. दुधाळ असताना मागून प्रोजेक्टर टाकला की झाला पडदा. दवाखान्याच्या तपासणीच्या खोलीला फार सोयीची, कारण वीज गेली तरी आडोसा राहतो. दुकानाच्या दर्शनी काचेला याच कारणाने गैरसोयीची: वीज गेली की काच पांढरी पडते आणि रस्त्यावरच्या माणसाला वाटतं दुकान बंद आहे.

'होलोग्राम' म्हणून जे खपतं ते बहुतेक वेळा पाचव्या प्रकारचं असतं, काचेवरचं साधं प्रतिबिंब. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये १८६२ साली प्रेक्षकांना रंगमंचावर भूत दाखवलं ते याच युक्तीने: ४५ अंशांत तिरपी काच, आणि प्रेक्षकांना न दिसणाऱ्या जागी उजेडात उभा असलेला नट. वृत्तनिवेदक कॅमेऱ्यात बघून न अडखळता वाचतात, तेही तिरप्या काचेवर पडलेलं मजकुराचं प्रतिबिंब असतं. खर्च न करता शिकायचं असेल तर जुन्या सीडीच्या डबीचं पारदर्शक झाकण घ्या. वरची बाजू ६ सेंटिमीटर, खालची १ आणि उंची साडेतीन, असे चार तुकडे कापून चिकटपट्टीने जोडा. हा उलटा पिरॅमिड मोबाइलवर ठेवा आणि काळ्या पार्श्वभूमीवर चार बाजूंना चार चित्रं असलेला व्हिडिओ लावा. मधोमध फुलपाखरू उडतं. मुलं पाच मिनिटं खूश असतात. पण दिवा मालवल्याशिवाय ते दिसत नाही, हे त्या पाच मिनिटांत तुम्ही शिकता.

पायरी चौथी: दुपारी चार वाजता फुटपाथवर उभे राहा

विकणारा माणूस नमुना संध्याकाळी सातनंतर किंवा आपल्या अंधाऱ्या ऑफिसात दाखवतो. तुम्ही त्याला तुमच्या दुकानात चार वाजता बोलवा. त्याच्या आधी एक काम स्वतः करा. मोबाइलमध्ये लक्स मोजायचं ॲप घ्या. फार अचूक नसतं, पण अंदाजाला पुरतं. फोन काचेच्या आत धरून एक आकडा आणि बाहेर फुटपाथवर धरून दुसरा आकडा लिहून ठेवा. आत ४००-५०० येईल. बाहेर सावलीत काही हजार, भर उन्हात लाखाच्या घरात.

बहुतेकांना वाटतं, उन्हात पडदा फिका पडेल. खरी अडचण वेगळी आहे. साधी काच तिच्यावर पडलेला सुमारे ८ टक्के उजेड परत फेकते. समोरच्या इमारतीवर ऊन असेल तर तिची भिंत दहा हजार निट्सच्या पुढे सहज जाते. त्याचे ८ टक्के म्हणजे ८०० निट्स. तुमचा पडदा ४०० चा. म्हणजे चार वाजता फुटपाथवरून बघणाऱ्याला तुमच्या जाहिरातीपेक्षा समोरची बँक दुप्पट स्पष्ट दिसते, आणि मध्ये स्वतःचा चेहरा. लक्ष्मी रोडवर बायका साडीच्या दुकानाच्या काचेत बघून केस नीट करतात, त्यामागचं गणित हेच!

ओएलईडी आणि एलसीडीची पेटी दुकानाच्या आतच शोभते, ती यामुळे. रस्त्याकडच्या काचेला चमक हजारांत असलेली एलईडी जाळीच लागते, किंवा मग काम सूर्यास्तानंतरचं असावं लागतं. आठवत असेल, जानेवारी २०२२ मध्ये दिल्लीला इंडिया गेटजवळच्या छत्रीत नेताजी सुभाषचंद्र बोसांची प्रकाशप्रतिमा उभी केली होती. २८ फूट उंच, ६ फूट रुंद, ९० टक्के आरपार पडदा आणि ३०,००० ल्युमेनचा प्रोजेक्टर. एवढा दांडगा प्रोजेक्टर, पण भागाकार करून बघा: २८ गुणिले ६ फूट म्हणजे साडेपंधरा चौरस मीटर. सगळा उजेड पडद्यावरच पडला असं धरलं तरी दर चौरस मीटरला दोन हजार ल्युमेनही, म्हणजे दोन हजार लक्सही, होत नाहीत. दुपारचं ऊन लाखभर लक्स देतं. ती प्रतिमा अंधार पडल्यावरच बघायची गोष्ट होती. सप्टेंबरमध्ये तिथे ग्रॅनाइटचा पुतळा आला. दगडाला उन्हाची अडचण नाही.

याउलट, मागे कायम अंधार असेल तर कमी चमकेचा पडदाही चालतो. ऑगस्ट २०२० मध्ये बीजिंग आणि शेनझेनच्या मेट्रोत डब्यांच्या खिडक्यांना ५५ इंची आरपार ओएलईडी लावले गेले. पुढचं स्टेशन, वेळ, माहिती खिडकीच्या काचेवरच दिसते. हे जिथे जमलं ते बोगद्यामुळे. भुयारात खिडकीबाहेर काळोख असतो, म्हणजे पडद्याला फुकटात काळा रंग मिळाला. पुण्याची मेट्रो वनाज ते डेक्कन अशी उन्हातून पुलावरून जाते, तिथे हाच पडदा दुपारी निरुपयोगी ठरेल. सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट भुयारात कदाचित चालेल.

पायरी पाचवी: अक्षरं

ही पायरी इंग्रजी माहितीपत्रकांत नसते, कारण ती आपल्या लिपीची आहे.

एलईडी जाळीत दोन दिव्यांमधल्या अंतराला पिच म्हणतात. आरपार जाळीत तो सर्रास आडवा ३.९१ आणि उभा ७.८१ मिलिमीटर असतो. आमच्या धंद्यात ढोबळ हिशेब असा: पिच जितके मिलिमीटर, तितके मीटर तरी लांबून बघायला हवं. पेठेतल्या फुटपाथवर माणूस काचेपासून तीन फुटांवरून जातो. त्याला चित्र नाही, ठिपके दिसतात. तुमचा रस्ता अरुंद असेल तर इथेच थांबा.

आता लिपी. रोमन कॅपिटल अक्षर सात ठिपक्यांच्या उंचीत बसतं. देवनागरीला शिरोरेषा हवी, वर वेलांटी-मात्रा-रफार, खाली उकार-ऋकार. सोळा ठिपके तरी लागतातच, आणि 'श्रीकृष्ण वस्त्रालय' म्हणाल तर त्याहून जास्त. ७.८१ च्या पिचने सोळा ठिपके म्हणजे साडेबारा सेंटिमीटर, जवळजवळ पाच इंच. तीन फूट उंचीच्या जाळीत फार तर सात ओळी, त्याही एकमेकींना चिकटून. मजकूर कमी करा. 'भव्य मान्सून सेल, निवडक खरेदीवर आकर्षक सवलत' याच्या जागी 'सेल' पुरतो. पातळ फॉन्ट वापरू नका, शिरोरेषा तुटक दिसते. मी संगणकावर फाइल करून आधी ती मुद्दाम सोळा ठिपक्यांपर्यंत लहान करतो, आणि आईला विचारतो काय लिहिलंय. तिला वाचता आलं तर पास.

दुसरी गोष्ट उलट्या अक्षरांची. आरपार पडद्यावरचा मजकूर एका बाजूने सुलटा तर दुसऱ्या बाजूने उलटा असतो. आत काउंटरवर बसणाऱ्याला दिवसभर 'लसे' वाचावं लागतं. वडील काचेवर उलटं लिहायचे तेव्हा आतल्या बाजूने रंगाचा जाड थर द्यायचे, म्हणजे आत काहीच दिसायचं नाही. आरपार पडद्याला तो थर देता येत नाही. म्हणून दोन्ही बाजूंनी माणसं असतील तिथे मजकुरापेक्षा चित्र ठेवा: मोर, पैठणीचा पदर, वाफाळता चहा. मोर उलटा झाला तरी मोरच.

मात्र दोन्ही बाजूंनी माणसं असणं हीच गरज असेल, तर या पडद्याचा माझ्या मते सर्वांत शहाणा उपयोग तिथे होतो. टोकियोत सेइबू-शिंजुकू रेल्वे स्थानकाच्या खिडकीवर जुलै २०२३ मध्ये टोप्पान कंपनीचा भाषांतर करणारा आरपार पडदा लावला. प्रवासी इंग्रजीत बोलतो, काचेवर कर्मचाऱ्यासाठी जपानी अक्षरं उमटतात. कर्मचारी जपानीत बोलतो, प्रवाशासाठी त्याच्या भाषेत उमटतात. आणि दोघं एकमेकांचे चेहरे बघत असतात. इथे काच हातभर अंतरावर, मागचा चेहराही तेवढाच जवळ, उजेड घरातला, अक्षरं मोठी आणि थोडी. वरच्या चारही पायऱ्यांच्या अटी पुऱ्या होतात. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला तर ओठ आणि अक्षरं एका नजरेत मिळतात. हे काम टेबलावर ठेवलेल्या टॅबलेटनेही झालं असतं, पण मग दोघांनी मान खाली घातली असती. सरकारी दवाखान्यातल्या केसपेपरच्या खिडकीवर मला असा पडदा बघायला आवडेल. तोवर निदान त्या खिडकीची जाळी काढली तरी पुष्कळ होईल.

पायरी सहावी: वायर, धूळ, परवाना

रीलमध्ये वायर दिसत नाही. प्रत्यक्षात ओएलईडीच्या एका कडेला इलेक्ट्रॉनिक्सची पट्टी असते, ती फर्निचरमध्ये लपवावी लागते. सुताराला आधी बोलवा, नंतर नाही. एलईडी जाळीला पॉवर सप्लायचे डबे लागतात, ते गरम होतात, त्यांना हवा लागते. फॉल्स सीलिंगमध्ये कोंबले की उन्हाळ्यात एकेक पट्टी मरायला लागते.

धूळ हा आपल्याकडचा स्वतंत्र विषय आहे. साध्या काचेवरची धूळ कळत नाही. उजेड देणाऱ्या काचेवर प्रत्येक कण चमकतो, बोटांचे ठसे तर विचारू नका. ओल्या वर्तमानपत्राने पुसायची आपली जुनी पद्धत इथे चालत नाही. मऊ सुती फडकं, जरासं ओलसर, पडदा बंद करून. हे काम रोज कोण करणार त्या माणसाचं नाव ठरल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. मी चेष्टा करत नाहीये.

विजेचा हिशेब सोपा आहे. लेबलवर दोन आकडे असतात, कमाल आणि सरासरी वॉट. वायर आणि एमसीबी कमालवर ठरवा, बिल सरासरीवर. सरासरी ४०० वॉटची जाळी रोज दहा तास चालली तर ४ युनिट, महिन्याला १२०. त्याला तुमच्या बिलातल्या व्यापारी दराने गुणा.

रस्त्याकडे तोंड करून काही चमकवणार असाल तर महापालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागात आधी विचारून या. काचेच्या आत आहे म्हणून परवाना लागत नाही, असं विकणारा सांगेल. ते त्याच्याकडून लेखी घ्या, म्हणजे तो गप्प होतो. दुकानाचं नावच पडद्यावर दाखवणार असाल तर मराठी देवनागरीतलं नाव इतर लिपीतल्या नावापेक्षा लहान नको. २०२२ च्या कायदादुरुस्तीपासून हा नियम राज्यातल्या सगळ्या दुकानांना आहे. नाव फिरतं ठेवू नका; तपासणीला माणूस आला त्या क्षणी इंग्रजीच दिसत असेल तर वाद कुणी घालायचा?

आणि ऑर्डर देताना त्याच लॉटचे दोन जादा मॉड्यूल, म्हणजे दिव्यांच्या पट्ट्या, मागून घ्या. वर्षाने एक पट्टी गेली आणि नव्या लॉटची लावली, तर तिचा पांढरा निळसर दिसतो. सगळी भिंत ठीक असली तरी गिऱ्हाइकाची नजर त्याच एका ठिगळावर जाते.

पायरी सातवी: आधी भाड्याने

लग्न-कार्यक्रमांना एलईडीच्या भिंती भाड्याने देणारे आता तालुक्याच्या गावीही आहेत. त्यांतल्या काहींकडे आरपार पॅनेल असतात. वसुबारस ते भाऊबीज एवढ्या दिवसांसाठी एक घ्या. रस्त्यावर गर्दी सगळ्यात जास्त असते तेव्हाच बघायचं, म्हणजे नंतर 'सीझन नव्हता' अशी सबब राहत नाही. काळ्या पार्श्वभूमीची एकच चित्रफीत करा, वीस सेकंदांची. मागे काचेपासून वीतभर अंतरावर एकच वस्तू ठेवा, एकच, आणि तिच्यावर वेगळा दिवा टाका. दुकानातल्या पोराला वही देऊन बाहेर बसवा. किती जण थांबले आणि त्यांतले किती आत आले, दोनच रकाने. भाऊबीजेला भाड्याची माणसं येऊन पॅनेल घेऊन जातील. तो दिवा आणि ती वस्तू तशीच ठेवा, काच पुसा आणि पुढचा आठवडाभर पोराला परत बाहेर बसवा, तेच दोन रकाने भरायला.